अकरा पाऊण सव्वाआठ

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, सर्जेतात्यांनी इंदापूर तालुक्यात उजनीच्या काठावर तेरा हजार रुपये रोख मोजून एक पिवळी होडी विकत घेतली. व्यवहाराला आम्ही चौघे हजर होतो. घेणारे तात्या, विकणारे इक्बालभाई तांबोळी, साक्षीला म्हणून बारामतीहून नेलेला मी, आणि तात्यांच्या पत्नी कमलकाकू. काकू गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून त्या एवढंच म्हणाल्या, "पैसं मोजून झालं आसलं तर चला. दळण टाकायचंय."

होडी म्हणजे कयाक. एकाच माणसाने पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आलटून पालटून मारायचं. रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांसाठी इक्बालभाईंनी असल्या चार आणल्या होत्या. पण लोकांना इंजिनाची बोट आणि फोटो हवे असतात, हाताला घाम नको असतो. चारही होड्या दोन हंगाम उन्हात पडून राहिल्या.

"तात्या, ह्यात एकटाच माणूस बसतो," इक्बालभाई म्हणाले. "काकूंना कुठं बसवणार?"

"ती बसणार न्हाय म्हणून तर हीच घेतोय."

इक्बालभाई हसले आणि वर एक नारिंगी जाकीट फुकट दिलं. गाडीची काच वर गेली.

तात्या आणि मी बारामतीत शेजारी. दोन घरांत एकच भिंत. मी दूध संघात हिशेब लिहितो, म्हणून ते मला नावाने हाक न मारता 'अकौंटंट' म्हणायचे. ते स्वतः पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी कुठल्या चारीला, कुणाच्या शेताला, किती वाजता सुरू करायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे त्यांनी पस्तीस वर्षं पाहिलं. पाण्याच्या त्या ठरलेल्या वेळेला आमच्याकडे पाळी म्हणतात. सदैव खाली पाण्याकडे बघून त्यांची मान पुढे वाकलेली राहिली होती. पँट घोट्याच्या वर दुमडलेली असायची, लग्नातसुद्धा. गळ्यात तुळशीची माळ.

वाहतं पाणी दिसलं की तात्या त्यात पान टाकत. मग हात मागे बांधून त्या पानाच्या बरोबरीने काठाने चालत. लोणी भापकरला एका लग्नात जेवण झाल्यावर हात धुवायच्या जागी त्यांनी तोरणातलं आंब्याचं पान काढून मोरीच्या चरात सोडलं आणि चराच्या कडेने पार शेवटपर्यंत गेले. आचारी घाबरून मागे मागे. "काय झालं तात्या? काय पडलं का?" तात्या म्हणाले, "न्हाय, चाल बरी हाय." वधूपक्षाची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

आमच्या आळीत नळाला पाणी यायच्या आधी ते बाहेरच्या पाइपाला कान लावत. "टाकीपाशी आलंय आजून," म्हणत, आणि बायका निवांत राहत. "आलं कोपऱ्यावर," म्हणाले की हंडे बाहेर. हे त्यांचं चुकल्याचं मला आठवत नाही. चुकत नाही म्हणून लोक विचारत, आणि लोक विचारतात म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी काही विचारलं नाही.

त्यांचं एक वाक्य सगळ्या तालुक्याला माहीत होतं. "पाळी म्हंजी पाळी." पिंपळीच्या एका वजनदार बागायतदाराने एकदा त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून एक दिवस आधी पाणी मागितलं. तात्यांनी पुडा उघडला, एक पेढा खाल्ला, पुडा परत केला आणि म्हणाले, "पेढा चांगला हाय. पाणी बेस्तरवारी." ही गोष्ट लोक हसून सांगतात. त्याच वाक्याची दुसरी गोष्ट कुणी हसून सांगत नाही.

तात्यांचे धाकटे भाऊ बाजीराव. कालव्याच्या शेवटाला, ज्याला आमच्याकडे टेल म्हणतात, तिथे त्यांचा दोन एकर ऊस. कमलकाकूंची सख्खी धाकटी बहीण शांता याच बाजीरावांना दिलेली. म्हणजे दोन बहिणी दोन भावांना. एका उन्हाळ्यात बाजीरावांची पाळी दुपारी बाराला संपत होती. वरून पाणी कमी आलेलं, चार सऱ्या कोरड्या राहिल्या. बाजीराव म्हणाले, "दादा, एक तास. फकस्त एक तास." तात्यांनी घड्याळ बघितलं आणि बाराला स्वतःच्या हाताने चारीचं दार खाली केलं. पुढची पाळी दुसऱ्या शेतकऱ्याची होती आणि तो तिथेच उभा होता. नियमाने बघितलं तर तात्यांचं बरोबर होतं. बाजीरावांनी मरेपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बाजीराव वारले तेव्हा तात्या आणि काकू गेले. मी गाडी चालवत होतो. ओसरीवर शांताबाई बसलेल्या. तात्यांना बघून त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आलात? आली का आमची पाळी?"

तात्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तिथूनच मागे फिरले. त्यानंतर काकूंना माहेरच्या माणसांत जाता येईना. त्यांनी नवऱ्याला त्याबद्दल जाब विचारल्याचं मी ऐकलं नाही. मधल्या भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. ऐकू यायचा तो फक्त भांड्यांचा आवाज.

होडीचं वेड निवृत्तीनंतरचं, पण मुळाशी ते जुनं असावं. तात्यांचा जन्म भीमेच्या काठच्या ज्या गावात झाला ते गाव उजनी धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलं. लहानपणी ते गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडत. रस आटवायची ती मोठी पसरट कढई, दोन माणसं आणि एक बकरी. "गोल गोल फिरत पलीकडं जायाची," असं ते सांगत, "कुठं लागंल त्ये आपलं गाव." पिवळी होडी आल्यावर ते दर रविवारी ती जीपच्या टपावर बांधून धरणामागच्या फुगवट्याच्या पाण्यावर जायला लागले. पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं, त्याला वळसा घालून, जिथे त्यांची आळी होती असं ते म्हणत त्या पाण्यावर जाऊन थांबत. काठावरून एक पिवळा ठिपका दिसे. आम्ही आळीत त्या होडीला 'तात्यांचं पिवळं' म्हणू लागलो.

ते कायम एकटे जात. इक्बालभाई म्हणत, मी इंजिन घेऊन मागे येतो, डिझेल मागणार नाही. तात्या नको म्हणत. मी एकदा कारण विचारलं.

"दोघं आसली की दोघंबी दुसऱ्याच्या भरवशावर ऱ्हात्यात," ते म्हणाले. "एकटा माणूस पाण्याकडं बघतो."

पुढच्या पावसाळ्यात पुण्याकडच्या धरणांतून पाणी सोडलं. ते पाणी फुगवट्यात शिरतं तिथे नदीचं पात्र अरुंद आहे आणि धार येते. तात्यांनी मला आणि इक्बालभाईंना काठावर उभं केलं आणि सांगितलं, "च्या पिऊन या. मग येईल." आम्ही चहा पिऊन आलो तो पाणी गढूळ झालं, काटक्या आणि फेस वाहत आला, आणि बघता बघता मधोमध एक लांब सळसळ उठली. तात्या त्यात उतरले. होडी एकदम आडवी झाली, परत सरळ झाली, आणि ते धारेच्या कडेकडेने खाली गेले आणि आडोशाच्या संथ पाण्यातून वर परत आले. काठावर पन्नासेक माणूस जमलं होतं. कुणीतरी शिट्टी मारली. इक्बालभाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "ह्या माणसाला मी होडी विकली ही माझी चूक झाली."

घरी आल्यावर मी कौतुकाने सगळं काकूंना सांगितलं. त्या गवारी मोडत होत्या. म्हणाल्या, "आज वेळ बराबर आली. म्हंजी आता हे कुणाचंच ऐकायचे न्हाईत."

समुद्र त्यांच्या डोक्यात कसा आला तेही सांगतो. तुळशीमाळ घातलेला हा माणूस इंदापूरच्या मासळी बाजारात जाऊन उभा राहायचा, कारण फुगवट्यात जाळी टाकणारे लोक तिथे भेटत. एकदा कोकणातून बर्फातली मासळी आणणारा एक ड्रायव्हर भेटला. त्याने सांगितलं की भरतीची वेळ काढायला कोळ्यांना कागद लागत नाही. चालू तिथीला पाऊणने गुणायचं. जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती पुरी होते, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होऊन पाणी परत फिरतं.

तात्यांच्या शाळेत पाऊणकीचे पाढे पाठ करून घेत. माझ्या वेळेला ते बंद झाले होते. पन्नास वर्षं निकामी पडलेला तो पाढा एका समुद्राला लागू पडतो हे कळल्यावर ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर तोच विषय.

"तात्या, समुद्र काय म्हणतोय आज?" टपरीवाला विचारायचा.

"पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरला. आता उतरतोय."

"आन् आमच्या नळाचं काय?"

"नळाला तिथी न्हाय. त्याला नगरपालिका हाय."

सगळे हसत. तात्या हसत नसत. ते मनात कुठलं तरी पाणी चढताना बघत असावेत.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "अकौंटंट, पस्तीस वरसं पाणी बघितलं. सगळं जाणारं. सोडलं की गेलं. म्हागारी आलेलं एकदाबी बघितलं न्हाय. तितं म्हणं दिवसातनं दोनदा येतं. त्येवढं एकदा बघायचंय. त्याच्यासंगं जायचं आन् त्याच्यासंगंच यायचं."

काकू दारात उभ्या होत्या. "पाण्याचं मोप कौतिक," त्या म्हणाल्या. "माणूस आणलं का कदी म्हागारी?"

त्यानंतर दोन दिवस भिंतीपलीकडे भांड्यांचाही आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या आणि माझ्या समोर त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं. म्हणाल्या, जायचं तर इक्बालभाईला संगं न्या. तात्या म्हणाले, न्हाय. मग काकू म्हणाल्या, "बरं. एकटंच जावा. पर एकदाच. आन् आलं की ती होडी त्या तांबोळ्याला म्हागारी द्यायची. मला घरात माणूस पायजे. हाय तसा तर हाय तसा, पर पायजे." तात्यांनी माळेला हात लावला आणि म्हणाले, "एकदाच. आल्यावर देतो."

मार्गशीर्षात जायचं ठरलं. पावसाळा संपलेला, समुद्र शांत. खाडीच्या तोंडाशी असलेलं एक छोटं मासेमारी बंदर त्या ड्रायव्हरने सुचवलं होतं. बंदराच्या बाहेर थोड्या अंतरावर खडक, त्यावर दिव्याचा खांब. ओहोटीबरोबर खडकापर्यंत जायचं, तिथे बसायचं, पाणी परत फिरलं की त्याच्याबरोबर आत यायचं. तात्यांनी दिवस निवडला तो एकादशीचा. उपास असेल म्हणजे खाण्याचा खोळंबा नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी दुपारी. भाड्याने ठरवलेल्या पिकअपच्या टपावर पिवळं नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. तात्या ड्रायव्हरशेजारी बसलेले, अंगात नारिंगी जाकीट.

"आत्तापासूनच?" मी विचारलं.

"घाटात गार वारं लागतं." मग खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "अकरा पाऊण?"

"सव्वाआठ," मी म्हणालो.

"बराबर."

काकूंनी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा खिडकीतून आत दिला. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, उद्या राती घेऊन येतो तात्यांना." काकू म्हणाल्या, "डबा बी आण."

पुढचं मी बघितलेलं नाही. काशिनाथ नाखवा नावाच्या, साठीच्या एका कोळ्याने ते आम्हाला सांगितलं. ज्या धक्क्यावर तात्या उभे राहिले होते तिथेच बसून त्याने सांगितलं, आणि त्यात त्याने कुठे मीठमसाला घातला असं मला वाटलं नाही.

सकाळी आठाच्या आधी तात्या धक्क्यावर आले. नाखवा जाळं सांधत होता. त्याने विचारलं, पाव्हणं, कुठनं? तात्यांनी बेत सांगितला. सव्वाआठला भरती पुरी, तेव्हा निघायचं, आणि दुपारी अडीचला पाणी फिरलं की यायचं.

नाखवा म्हणाला, "सव्वाआठ कशी? आज बारस हाय. नवाला पुरी होईल."

"एकादस," तात्या म्हणाले. "माझा उपास हाय आज."

"उपास तुमचा. पाणी आमचं. काल एकादस झाली."

"काल स्मार्त. भागवत आज."

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल. त्या पंधरवड्यात एकादशी दोन दिवस होती. अशा वेळी माळकरी घरात उपास दुसऱ्या दिवशी, भागवत एकादशीला धरतात. तात्यांच्या घरी तीच पद्धत. आम्ही सगळे जन्मभर त्या दिवसाला एकादशीच म्हणत आलो. पण आकाशातल्या चंद्राची तिथी त्या सकाळी द्वादशी होती. बारा पाऊण नऊ. पाढा बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, मी दिलेलं उत्तरही बरोबर होतं. ज्याला गुणायचं तो आकडा उपासाचा होता.

तात्यांनी नाखव्याच्या समोर पाण्यात पान टाकलं. धक्क्याच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं. पान जागेवरच थांबलं. "थांबलं बघा," तात्या म्हणाले. नाखवा म्हणाला, "कोपऱ्यात थांबतं. मधे बघा." पण मधोमध ते पान पोचणार नव्हतं. तात्या होडीत बसले. नाखव्याने जाळ्यात सुई घातली.

बाहेर पडायला त्यांना फार वेळ लागला. आत येणारं पाणी अजून तोंडातून येत होतं आणि तात्या त्याच्याविरुद्ध वल्हं मारत होते. तिथेच ते परत फिरले असते तर बरं झालं असतं. नाखव्याला वाटलं फिरतील. पण नऊ वाजून गेल्यावर ओहोटी लागली, होडी सरळ बाहेर गेली आणि खडकाला लागली. तात्यांनी ती वर ओढून घेतली. त्यानंतर चार-पाच तास नाखव्याला मान वर केली की खडकावर पिवळं आणि नारिंगी दिसत होतं. एकदा त्याला वाटलं, माणूस डबा उघडून काही खातोय.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. त्या दिवसांत रोज सुटतो. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा खाडीच्या तोंडात समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात, लांब नाही, उंच आणि जवळ जवळ. नाखव्याची माणसं त्या वेळेला तोंडातून होडी काढत नाहीत. पाणी फिरेपर्यंत थांबतात. पाणी फिरायला त्या दिवशी सव्वातीन वाजायचे होते.

अडीच वाजता तात्यांनी होडी पाण्यात लोटली.

मी नाखव्याला विचारलं की त्यांना पाणी बाहेर जाताना दिसलं कसं नाही. तो म्हणाला, "ते खडकाच्या पाठीमागं बसलेले. तितं आडोशाला पाणी उलटं फिरतं. बाहेर जाणाऱ्या पाण्यातबी तेवढं किनाऱ्याकडं येतं. त्यांना वाटलं, फिरलं."

हे तात्यांना माहीत नव्हतं असं नाही. कालव्यावरच्या प्रत्येक पुलाच्या खांबामागे पाणी असंच उलटं फिरतं. पुण्याकडचं पाणी आलं त्या दिवशी त्यांनी त्याच उलट्या पाण्यातून होडी वर आणली होती. पण त्यांच्या हिशेबाने वेळ झालेली होती. वेळ झाली म्हणजे पाणी फिरलं असंच त्यांनी धरलं. भावाच्या शेतावर दार खाली करताना त्यांनी सऱ्या बघितल्या नव्हत्या, घड्याळ बघितलं होतं.

खडकाचा आडोसा सुटल्याबरोबर होडी बाहेर ओढली गेली. नाखवा उठून उभा राहिला. तात्या वळले, तोंड किनाऱ्याकडे केलं आणि वल्हं मारायला लागले. नाखवा म्हणाला, मारत होते बरोबर, पण जागेवर. "असा माणूस किती वेळ मारणार? उपाशी." त्याने पोरांना हाक मारली, होडीचं इंजिन चालू केलं. तोंडापर्यंत जाईस्तोवर एकदा पिवळं वर आलेलं दिसलं, मग लाट, मग पिवळ्याचा तळ दिसला. ते पोचले तेव्हा होडी उलटी होती आणि वल्हं लांब वाहत चाललं होतं. लाटांत नारिंगी कुठेच दिसेना. त्यांनी अंधार पडेपर्यंत शोधलं.

पिकअपच्या ड्रायव्हरचा मला फोन आला. मी काकूंना घेऊन निघालो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. घाट उतरताना म्हणाल्या, "शांताला फोन करू का?" मी म्हटलं, करा. त्यांनी फोन हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत पिशवीत ठेवला.

दुसरा दिवस शोधण्यात गेला. नाखवा आणि त्याच्या दोन पुतण्यांनी खाडीचं तोंड, खडकाची मागची बाजू, बाहेरची वाळू, सगळं पालथं घातलं. काकू धक्क्यावर बसून होत्या. कुणीतरी त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला. त्यांनी आधी कधी समुद्र पाहिलेला नव्हता. संध्याकाळी त्यांनी नाखव्याच्या पुतण्याला विचारलं, "हे पाणी आता कुठं चाललंय?"

"आत," तो म्हणाला. "भरती हाय ना मावशी."

"आत कुठवर जातं?"

"जातं दोन-तीन मैल. खारफुटीपर्यंत."

"मग तितं बघा की," काकू म्हणाल्या.

पोलीस आणि इतर लोक बाहेर शोधत होते, त्यामुळे आत कुणी गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी उतरल्यावर नाखवा आत गेला. खाडीत बऱ्याच आत, खारफुटीच्या मुळांत, चिखलावर तात्या सापडले. जाकीट अंगात होतं. भरतीने आत आणून ठेवलं होतं आणि उतरणाऱ्या पाण्याने मुळांतून बाहेर काढलं नव्हतं. नाखव्याने त्यांना आपल्या होडीतून धक्क्यावर आणलं, अंगावर स्वतःची लुंगी घातली. मी तोंड पाहिलं. फार बदललं नव्हतं. मान पुढे वाकलेलीच होती.

पंचनामा झाला. सरकारी दवाखान्यातून कागद मिळायला दुपार झाली. रुग्णवाहिका धक्क्याच्या रस्त्यावर उभी होती. काकू म्हणाल्या, निघायच्या आधी नाखव्याचे पैसे द्यायचे.

नाखवा जाळ्याजवळ बसलेला होता, पण सांधत नव्हता. मी त्याला विचारलं, किती झाले. त्याने डिझेलचे चार हजार दोनशे सांगितले. तीन फेऱ्यांना तेवढं लागलं असेल, मी मनात हिशेब केला होता, जास्त नव्हते.

"आणि मजुरी?" मी म्हटलं. "तीन माणसं, तीन दिवस."

"मजुरी नको."

"नको कशी?"

तो माझ्याकडे न बघता काकूंकडे बघून बोलला. "बाई, मी त्यांना बोल्लो होतो आज बारस हाय. एकदा बोल्लो. त्यांनी ऐकलं नाय तर मला राग आला. म्हटलं जाऊ दे, शहाणा दिसतो. दुसऱ्यांदा नाय बोल्लो. हात धरून बसवला असता तर पाऊण तासाची गोष्ट होती. मला मजुरी नको."

काकूंनी पिशवीतून पाकीट काढून नोटा माझ्याकडे न देता स्वतः मोजल्या. जाळ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, नाखव्याच्या समोर.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमी धाव्यांदा सांगितलं आसतं तरी त्यो गेला आसता. मी चाळीस वरसं सांगितलंय. घ्या."

नाखव्याने हात पुढे केला नाही. काकूंनी त्याचा हात धरून उघडला, त्यात नोटा ठेवल्या आणि वरून त्याची बोटं मिटवली. डिझेलचे चार हजार दोनशे आणि मजुरीचे तीन हजार, मिळून सात हजार दोनशे रुपये, काशिनाथ नाखवा यांना मिळाले. मग त्या उठल्या आणि रुग्णवाहिकेत तात्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.